घुबड शिवेना

आमच्या घरात घुबड ही बघायची गोष्ट नव्हती. "काय घुबडासारखा बसलायस कोपऱ्यात," असं आजी मला दिवसातून दोनदा तरी म्हणायची, आणि निकालाच्या दिवशी वडीलही तिच्या मताला दुजोरा द्यायचे. त्यामुळे वेगळं घुबड बघायला जाण्याची गरज कुणालाच वाटली नाही. खरं घुबड वाड्यामागच्या चिंचेवर राहायचं. त्याच्याबद्दल आजीचे दोन नियम होते. तिन्हीसांजेला त्याचं नाव काढायचं नाही, आणि त्याला दगड मारायचा नाही. मारलाच, तर ते तो दगड उचलून नदीवर नेतं आणि पाण्यात घासत बसतं. दगड झिजेल तसा मारणारा झिजतो.

मी सातवीत असताना मारला. लागला नाही, घुबड उडालं आणि दगड खाली पडला. रात्रभर झोप नाही. पहाटे दगड परत आणायला गेलो, तर चिंचेखाली शे-दोनशे दगड पडलेले. त्यातला माझा कुठला? तेव्हापासून मी झिजण्याची वाट बघतोय. आज माझं वजन ९१ किलो आहे. एक तर दगड अस्सल काळा पाषाण असावा, किंवा आमच्या वाईच्या कृष्णेला तेवढं पाणी उरलं नसावं.

तर अशा पूर्वेतिहासाच्या माणसाला त्याच्या जावयाने विचारलं, "बाबा, घुबड बघायला येणार का? जवळच आहे, दोनशे मैल."

आम्ही लेकीच्या बाळंतपणासाठी मिनिआपोलिसला गेलो होतो. समंजस आईबाप अमेरिकेला मे महिन्यात जातात, बागेत फिरतात, नायगरा बघतात आणि पानगळीचे फोटो काढून परत येतात. आमच्या नातवाने डिसेंबर निवडला. डिंक, हळीव, बाळंतशेपा, सुंठ आणि खारीक अशा ऐवजासह आम्ही उतरलो, तेव्हा बाहेर उणे पंधरा होतं. मिनेसोटा हे राज्य हिवाळ्यात माणसांसाठी नाहीच. शेजारी भेटला की म्हणायचा, "नॉट टू बॅड." हे तिथलं पर्जन्यमापक, वायुमापक आणि स्वभावमापक, सगळं एकत्र. छप्पर उडालं तरी नॉट टू बॅड.

संक्रांतीला नातवाचं बोरन्हाण झालं. बोरं मिळाली नाहीत म्हणून वाळवलेल्या क्रॅनबेऱ्या त्याच्या डोक्यावरून ओतल्या. सव्वा महिना उलटला. जावयाची पितृत्वाची रजा अजून शिल्लक होती, आणि माझी तर काय, निवृत्तीपासून रजाच. दोन पुरुष घरात दिवसभर एकमेकांना "तुम्ही बसा" म्हणत उभे असायचे. शेवटी लेकच म्हणाली, "तुम्ही दोघं कुठेतरी जा ना. बाळ एक सांभाळायचं की तीन?"

हिचा मात्र कडाडून विरोध. "घरात तान्हं बाळ, आणि तुम्ही दोघं मुद्दाम गाडी काढून, पेट्रोल जाळून घुबडाच्या दर्शनाला जाणार? वाटेत आडवं गेलं तर लोक परत फिरतात!"

"अगं, लक्ष्मीचं वाहन आहे ते."

"तीस वर्षं बँकेत लक्ष्मीच मोजलीत ना? कधी आली होती का वाहनाने?"

यावर उत्तर नव्हतं. पण हिचा खरा राग वेगळाच होता. हिचं माहेर शहादा. आणि शहाद्याच्या माणसासमोर परदेशी घुबडाचं कौतुक करणं म्हणजे कोल्हापूरकराला बाटलीतला रस्सा वाढणं. रानपिंगळा नावाचं एक छोटं घुबड १८८४ नंतर कुणाला मिळालंच नव्हतं. संपलं, असं सगळे धरून चालले होते. मधे एका इंग्रज कर्नलने १९१४ साली गुजरातेत मिळाल्याचं सांगितलं होतं, पण पामेला रासमुसेन या अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ बाईंनी कागदपत्रं आणि पिसं तपासून दाखवून दिलं की त्या मेइनर्ट्‌झहागेनने एकोणिसाव्या शतकातला जुना नमुना संग्रहालयातून पळवून त्यावर नवी चिठ्ठी डकवली होती. म्हणजे घुबडाचं बोगस खातं! मला बँकवाला म्हणून या प्रकरणात विशेष रस आहे. खोटी नोंद बाजूला काढल्यावर बाईंच्या लक्षात आलं की आजवर सगळे चुकीच्या जागी शोधत होते. त्या दोन सहकाऱ्यांना घेऊन आल्या, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये, ११३ वर्षांनी, सातपुड्याच्या पायथ्याला शहाद्याजवळ एका उघड्या झाडावर भर सकाळी रानपिंगळा बसलेला. हिचे वडील तेव्हा म्हणाले होते, "हरवला कुठे होता? आम्हाला विचारलं असतं तर सांगितलं असतं."

"अमेरिकेतून माणसं आमच्या शहाद्याला घुबड बघायला आली," ही म्हणाली, "आणि तुम्ही शहाद्याची बायको करून इकडे घुबड शोधताय."

तरी निघताना डबा बांधून दिला. गूळपोळ्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि संक्रांतीचे उरलेले तिळाचे लाडू.

सासरा आणि जावई हे नातं मराठीत नीट लिहिलं गेलेलं नाही. सासू-सुनेवर साहित्य आहे, नाटकं आहेत, मालिका तर संपतच नाहीत. सासरा-जावई मात्र सहा वर्षं एकमेकांना "अहो-जाहो" करत, एकमेकांच्या ताटात पोळी वाढत बसलेले. मी त्यांना जावईबापू म्हणतो, ते मला बाबा म्हणतात, आणि विषय संपतो. पस्तीस नंबरच्या महामार्गावर दीडशे मैल सरळ उत्तरेला जायचं होतं. पहिल्या चाळीस मैलांत आम्ही हवामानावर बोललो. पुढच्या चाळिसात पुन्हा हवामानावर. मग मी मागच्या सीटवरच्या सामानाची चौकशी केली. घोंगड्या, फावडं, मेणबत्ती, काडेपेटी आणि वीस किलो मांजराची रेती.

"मांजर कुठाय?"

"नाही बाबा. गाडी बर्फात रुतली की चाकाखाली टाकायला."

"आणि मेणबत्ती?"

"गाडी बंद पडली तर आत थोडी ऊब राहते."

म्हणजे आपण जिथे चाललोय तिथे गाडीत मेणबत्ती लावून बसण्याची वेळ येऊ शकते, हे त्यांनी इतक्या शांतपणे सांगितलं की मी खिडकीबाहेर बघू लागलो. बाहेर पांढरं होतं. त्यापुढेही पांढरंच.

पक्षी बघणाऱ्यांची भाषा मला याच प्रवासात कळली. आयुष्यात पहिल्यांदाच दिसलेल्या पक्ष्याला म्हणायचं "लाइफर". मला तो शब्द येरवड्याच्या संदर्भात माहीत होता. एखादा पक्षी बघायला गेलो आणि दिसला नाही, तर आपण "डिप" झालो. जावईबापूंना चार वर्षांत तीन लाइफर घुबडं मिळाली होती, पण सगळ्यात मोठं, ग्रेट ग्रे, त्यावर ते तीनदा डिप झाले होते. हे सांगताना त्यांचा आवाज असा होता, जसा माझा स्केल थ्रीच्या प्रमोशनबद्दल बोलताना होतो. तेव्हा मला ते पहिल्यांदा जवळचे वाटले.

डुलुथ हे सुपीरिअर सरोवराच्या टोकाचं बंदर. पूल ओलांडला की विस्कॉन्सिन राज्यातलं सुपीरिअर गाव. तिथल्या विमानतळाच्या आसपास हिवाळ्यात स्नोई आऊल, म्हणजे पांढरं शुभ्र हिमघुबड येतं. ते मूळचं आर्क्टिकचं. झाड नसलेल्या सपाट, उघड्या मुलुखाची त्याला सवय, म्हणून विमानतळ, बंदर, मॉलचं पार्किंग अशा जागा त्याला घरच्यासारख्या वाटतात. ही घुबडं उपाशी मरायला लागली की दक्षिणेकडे येतात, असं पूर्वी म्हणायचे. पण गेल्या दहाएक वर्षांत प्रोजेक्ट स्नोस्टॉर्मवाल्यांनी पकडून, वजन करून, पाठीवर यंत्रं बसवून पाहिलं, तर बहुतेक घुबडं चांगली धष्टपुष्ट निघाली. उत्तरेत लेमिंग नावाच्या उंदरांचं पीक जोरात आलं की घुबडांनाही भरपूर पिल्लं होतात, आणि त्या साली ही तरुण मंडळी दक्षिणेला लोटतात. थोडक्यात, दुष्काळामुळे नाही, सुकाळामुळे स्थलांतर. हे ऐकून मी जावईबापूंकडे बघितलं. तेही सांगलीच्या ऐन सुकाळातूनच इकडे आले होते.

हिमघुबड बर्फात शोधणं हा काय प्रकार आहे ते सांगतो. पांढऱ्या मैदानात शंभर पांढरे गोळे असतात. त्यातला एक घुबड असतो, किंवा नसतो. कुंपणाच्या अलीकडे गाडी थांबवून आम्ही एका गोळ्याकडे चाळीस मिनिटं बघितलं. माझ्या दुर्बिणीतून त्याने दोनदा मान हलवली. जावईबापूंच्या दुर्बिणीतून त्याने एकदा डोळा मिटला. मग एक ट्रक आला, आतून एक माणूस उतरला, त्याने तो गोळा उचलला आणि ट्रकात ठेवला. पांढरी प्लास्टिकची बादली होती. ट्रक गेल्यावर आम्ही मागे वळलो, तर आमच्या गाडीच्या अगदी मागच्या दिव्याच्या खांबावर हिमघुबड बसलेलं. पिवळे डोळे अर्धे मिटलेले. चाळीस मिनिटं ते आम्ही बादली बघताना बघत होतं. गावातल्या वडाखाली बसलेला म्हातारा शहरातल्या जावयाला ट्रॅक्टर मागे घेताना बघतो, अगदी तसं.

"लाइफर ना बाबा?"

"हो," मी म्हणालो. पण मला सारखं वाटत होतं की त्याच्या वहीत मीच त्याचा लाइफर लिहिला गेलोय.

पूल ओलांडून परत डुलुथला मुक्कामाला गेलो तर हॉटेलच्या आवारात गाड्यांच्या नाकातून विजेच्या वायरी लोंबत होत्या. पेट्रोलच्या गाड्या, पण रात्री इंजिन गोठू नये म्हणून विजेवर शेकत ठेवायच्या. रात्री उठून मी खिडकीतून बघितलं, तर रांगेने वायरी लावलेल्या गाड्या अतिदक्षता विभागातल्या पेशंटसारख्या दिसत होत्या.

सकाळी सहाला पारा उणे अठ्ठावीस फॅरनहाइट. आयुष्यभर व्याज तोंडी काढलेलं. बत्तीस वजा केले, पाचाने गुणलं, नवाने भागलं, तर आपले उणे तेहतीस. उणे चाळीसला दोन्ही मापं एक होतात, हे मला त्या दिवशी कळलं. म्हणजे अजून थोडं थांबलो असतो तर भारत आणि अमेरिका यांचं एका गोष्टीवर तरी एकमत झालं असतं. हॉटेलच्या म्हातारबाबांना मी "थंडी आहे" म्हणालो, तर ते म्हणाले, याच जिल्ह्यात टॉवर नावाच्या गावी २ फेब्रुवारी १९९६ला उणे साठ फॅरनहाइट झालं होतं. राज्याचा विक्रम. सांगताना त्यांची छाती अशी फुगली होती, की साठ त्यांनी स्वतःच्या हाताने खाली ओढले असावेत.

कपड्यांचं विचारू नका. आत दोन थर, मग स्वेटर, मग जावईबापूंच्या मित्राची फुगीर विजार, मग अंगरखा, दोन जोड मोजे, हिची कानटोपी. मी पुढच्या सीटवर बसलो नाही, मला बसवण्यात आलं. पट्टा लावायला हात पोहोचेना. तोही जावयाने लावला. सहा वर्षांच्या नात्यातला हा सगळ्यात जवळिकीचा क्षण होता, आणि दोघांनीही तो विषय नंतर कधी काढला नाही.

सॅक्स-झिम बॉग म्हणजे डुलुथच्या वायव्येची तीनशे चौरस मैल दलदल. सॅक्स आणि झिम ही रेल्वेवरची दोन जुनी ठिकाणं. शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी ठरवलं की चर खणून पाणी काढायचं आणि इथे शेती करायची. चर खणले, माणसं आली, दलदल तिथेच राहिली. आपल्याकडे असत्या तर त्या चरांची अजून चौकशी चालू असती. आता तिथे काळे स्प्रूस आणि टॅमरॅक. टॅमरॅक हे सूचिपर्णी असूनही हिवाळ्यात पानं गाळतं, म्हणून नवख्या माणसाला सगळं रान वठल्यासारखं वाटतं. फ्रेंड्स ऑफ सॅक्स-झिम बॉग नावाची संस्था या जमिनी विकत घेऊन राखते. त्यांचं माहिती केंद्र ज्या रस्त्यावर आहे त्याचं नावच आऊल अ‍ॅव्हेन्यू. घुबड मार्ग! आपल्याकडे नगरपालिकेत असा ठराव मांडून बघा.

इथे पक्ष्यांसाठी ठिकठिकाणी खाणं ठेवलेलं असतं. दाणे असतात, झाडांच्या फांद्यांना चक्क पीनट बटर फासलेलं असतं, आणि एका ठिकाणी तर हरणाचा बरगड्यांचा सांगाडा टांगलेला. त्यावर चिमुकले चिकडी पक्षी आणि कॅनडा जे चरबी टोचत होते. मी शाकाहारी माणूस, पण उणे तेहतीसमध्ये त्या बरगड्यांकडे मी जरा जास्त वेळ बघितलं.

थोड्या वेळाने हॉक आऊल दिसलं. हे स्प्रूसच्या अगदी शेंड्यावर, देवळाच्या कळसासारखं बसतं आणि दिवसाढवळ्या शिकार करतं. घुबडाला आपण दिवाभीत म्हणतो, आणि हे उजेडात डोळे वटारून बसलेलं. लांब शेपूट, ससाण्यासारखा चेहरा, आणि घुबडाच्या कुळात जन्माला आल्याची कसलीही लाज नाही. जावईबापूंकडे ते आधीच होतं, त्यामुळे त्यांनी त्याला जुन्या शेजाऱ्यासारखी मान डोलावून ओळख दिली.

पण मुख्य देव तो नव्हे. मुख्य देव ग्रेट ग्रे. लांबीला अडीच फुटांवर, पंख पसरले तर पाच फूट, आणि वजन सव्वा किलो. हिमघुबड याच्याहून बुटकं, पण वजनात भारी. हे म्हणजे सगळी पिसंच. आत माणूस कमी, शेरवानी जास्त. याचा चेहरा ही एक थाळी आहे, आवाज गोळा करायची. एक कान वर, एक खाली, त्यामुळे आवाज नेमका कुठून आला ते कळतं. दोन फूट बर्फाखाली व्होल, म्हणजे आखूड शेपटीचा उंदराचा भाऊबंद, चालला तरी याला ऐकू येतो. मला शेजारच्या खोलीतली कुकरची शिट्टी ऐकू येत नाही. ही म्हणते, ऐकू येत नाही असं नाही, आत जात नाही. याच्या मानेत चौदा मणके, म्हणून मान जवळजवळ पूर्ण मागे फिरते. माणसाला सात. माझ्या सातांपैकी दोन मी मार्च एंडिंगला बँकेत ठेवून आलोय, त्यामुळे मागे काय चाललंय ते मला जावईबापू सांगत होते.

२००४-०५च्या हिवाळ्यात उत्तरेतले व्होल संपले आणि ही घुबडं मिनेसोटात लोटली. पाच हजारांच्या वर नोंदी झाल्या. म्हणे खांबा-खांबावर घुबड. आता त्या सालाबद्दल लोक "त्या वर्षी आंबा असा आला होता" या सुरात बोलतात. आमच्या वर्षी आंबा नव्हता. सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही तेच चार रस्ते ताशी दहा मैलांनी फिरलो. जावईबापू डावीकडचं रान बघायचे, मी उजवीकडचं. उजवीकडे मला दोनशे खोडं, एक साळिंदर आणि एक माणूस दिसला. माणूस फोटोग्राफर होता.

चार वाजता एका सरळ रस्त्याच्या कडेला गाडी लावली. याच पट्ट्यात ग्रेट ग्रे पहाटे आणि संध्याकाळी येतं, असं त्यांना कुणीतरी कुजबुजत सांगितलं होतं. आमच्या पुढे तीन गाड्या, मागे दोन. एकीत सत्तरीच्या पुढच्या दोन बायका, मांडीवर तोफेएवढी लेन्स. कुणी बोलत नव्हतं. जावईबापूंनी इंजिन बंद केलं, कारण धडधड फोटोत येते, आणि काच खाली केली, कारण काचेतून फोटो येत नाही. म्हणजे बाहेरची सगळी थंडी आत बोलावली. पाच मिनिटांत माझ्या मिशांवर बर्फ. मोबाइलने पंचावन्न टक्क्यांवरून थेट प्राण सोडला. मी खिशातून लाडू काढला आणि चावला. दाताने एक आवाज केला, लाडवाने काहीच केलं नाही.

आणि मग माझ्या लक्षात आलं की हे मी आधी केलेलं आहे. काहीतरी मांडून ठेवायचं, लांब उभं राहायचं, आवाज करायचा नाही, आणि पाखरू येतंय का बघायचं. दशक्रियेचा घाट! आमचे थोरले काका गेले तेव्हा वाईच्या घाटावर दोन तास कावळा शिवेना. मुलगा म्हणाला, आईला सांभाळीन. नाही. दुसरा म्हणाला, धाकटीचं लग्न करून देतो. नाही. बारा वाजले, गुरुजी दर्भाचा कावळा करायच्या तयारीला लागले. तेव्हा थोरला पुढे झाला आणि अगदी हळू म्हणाला, "विहिरीचा दावा मागे घेतो." शब्द पुरा व्हायच्या आत कावळा पिंडावर. अख्ख्या भावकीने ते ऐकलं, त्यामुळे त्याला दावा मागे घ्यावाच लागला.

मराठी माणूस पाखराची वाट बघण्यात जगात कुणाला हार जाणार नाही. मी मनातल्या मनात सुरुवात केली. रात्री आइस्क्रीम खाणार नाही. रस्ता रिकामा. सोसायटीच्या सभेत पार्किंगचा विषय काढणार नाही. रिकामाच. मग जरा मोठं काढलं: हिच्या भावाला त्या दोन लाखांबद्दल विचारणार नाही. लगेच घाबरून मीच मागे बघितलं, पण सुदैवाने घुबड आलं नाही.

इथेही दर्भाचा कावळा असतो, हे जावईबापूंनी सांगितलं. काही फोटोवाले पाळीव प्राण्यांच्या दुकानातून उंदीर आणतात आणि बर्फावर सोडतात. घुबड झेपावतं, फोटो झकास येतो. घुबडाला मात्र रस्त्याकडे, माणसांकडे यायची चटक लागते आणि ते गाडीखाली सापडतं. इथली जाणती मंडळी अशा फोटोकडे बघतसुद्धा नाहीत. मला पटलं. विकतच्या उंदरावर आलेलं घुबड आणि दर्भाचा कावळा, दोन्हीत गुरुजींची सोय होते, पण गेलेल्या माणसाचं काय मागणं होतं ते कळत नाही.

साडेचार झाले. प्रकाश तांबूस व्हायला लागला. पुढची एक गाडी निघून गेली. जावईबापू काचेबाहेर बघत होते आणि त्यांचे ओठ हलत होते. मला ऐकू येत नाही असा सर्वांचा समज आहे, आणि तो मी कधी खोडून काढलेला नाही. ते अगदी हळू, शुद्ध मराठीत म्हणत होते, "यंदा गणपतीला नक्की येतो. चार दिवस तरी."

त्यांची आई सांगलीला एकटी असते. चार वर्षं झाली.

मी काही बोललो नाही. लाडू खिशात ठेवला. आणि मान फिरत नसल्यामुळे मी जे सरळ समोर बघत होतो, तिथे, एका मोडक्या टॅमरॅकच्या खोडावर, जिथे मघापासून नुसतं खोड होतं, तिथे खोड जरा जाड झालेलं होतं.

"अरे!" मी ओरडलो. "अरे बघ! तिकडे बघ ना! कुठे बघतोयस!"

सहा वर्षांचं अहो-जाहो एका दमात गेलं. मागच्या गाडीतून कुणीतरी "श्शू" केलं. जावयाने कॅमेरा उचलला, आणि मी पहिल्यांदा त्याचा हात थरथरताना बघितला. थंडीने असेल.

खोडाला तोंड फुटलं. गोल, राखाडी, वर्तुळात वर्तुळं, जुन्या ग्रामोफोनच्या तबकडीसारखं. मधे दोन लहान पिवळे डोळे, आणि हनुवटीखाली वकिलाच्या गळ्यात असते तशी पांढरी पट्टी. त्याने आमच्याकडे एकदा बघितलं. एकदाच. माझी सगळी सेवानिवृत्ती, प्रॉव्हिडंट फंड, सातवीतला दगड, सगळं त्याने एका नजरेत तपासलं आणि कारवाईयोग्य नाही म्हणून बाजूला ठेवलं. मग मान खाली घालून ते बर्फाकडे ऐकू लागलं. आम्ही बघतोय याचं त्याला कौतुकही नव्हतं आणि भीतीही नव्हती. इतकं निर्मळ दुर्लक्ष मला आजवर फक्त सरकारी खिडकीत मिळालं होतं.

मग ते उडालं. पाच फूट पंख, आणि आवाज नाही. चादर झटकल्याचाही नाही. तीसेक पावलं पुढे येऊन एका जागेवर हवेत थांबलं, मान खाली, पाय लोंबते, आणि दगडासारखं बर्फात पडलं. क्षणभर बर्फाच्या वर फक्त पिसं. वर आलं तेव्हा चेहऱ्यावर बर्फाचा लेप, आणि चोचीत व्होलची आखूड शेपटी. ती आत गेली. पुढच्या गाडीतल्या आजीबाई म्हणाल्या, "ऊफ डा." हा नॉर्वेजियन शब्द आहे आणि याचं भाषांतर होत नाही, असं इथले लोक सांगतात. होतं. "अगं बाई!"

ते परत खोडावर बसलं आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिलं. जावयाने तीनशे फोटो काढले. मी काच वर करा म्हणालो नाही.

परतीच्या वाटेवर आम्ही हवामानावर बोललो नाही. त्याने त्याच्या घरच्या गणपतीबद्दल सांगितलं. पाच दिवसांचा असतो, आरास आई करते, तिला हल्ली शिडीवर चढवत नाही. मी विमानाच्या तिकिटांचे भाव विचारले. घुबडाला कावळ्याची कामंही येतात, हे मी त्याला सांगितलं नाही.

रात्री अकराला घरी पोहोचलो. ही दारातच मीठ-मोहऱ्या घेऊन उभी होती. मिरच्या जाळायची फार इच्छा होती, पण पाचवीच्या रात्री धूर झाला तेव्हा छतावरच्या यंत्राने सगळी गल्ली जागी केली होती, म्हणून नुसती मूठ फिरवून बेसिनमध्ये सोडली. आधी जावयावरून, मग माझ्यावरून. आत नातू टक्क डोळे उघडून पडला होता.

फोटो दाखवला. हिने चष्मा लावून बराच वेळ बघितला.

"एवढं मोठं कशाला लागतं?" ही म्हणाली. "आमचं शहाद्याचं वीतभर असतं, पण काय ऐट!" मग फोटो जरा लांब धरून म्हणाली, "चेहरा मात्र ओळखीचा वाटतोय. तुमचे थोरले काका. विहिरीवाले."

मी काहीच बोललो नाही. जावई हसू दाबत आत गेला.

"आणि काहो," हिने आवाज खाली आणला, "याला नाही ना मारलात दगड?"

"अगं, चहूकडे तीन-तीन फूट बर्फ. दगड आणू कुठून?" मी खिशातून ते काढून ओट्यावर ठेवले, ठक् ठक् असा आवाज झाला. "तुझे हे दोन लाडू होते. पण तेही नाही मारले."